पान्हा, ऑक्सिटोसिन आणि पेशींवरील ग्राही

‘म्हैस पान्हा चोरते, म्हणून इंजेक्शन देतो,’ असे अनेक गोठ्यांत ऐकावयास मिळते. ऑक्सिटोसिनने दूध लगेच उतरते हे खरे. पण ते कसे उतरते हे जाणल्यास रोज टोचण्यातील धोका ध्यानी येतो.

उत्तेजक औषध पेशीवर कार्य करते ते तिच्या आवरणावरील विशिष्ट प्रथिनांमार्फत. त्यांना ग्राही म्हणतात. ऑक्सिटोसिन आपल्या ग्राहीशी जोडले गेले की पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते व पेशी आकुंचन पावते. कासेतील दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांभोवती अरेखित स्नायूंप्रमाणे आवळणाऱ्या पेशींचे जाळे असते. ते आवळले की दूध नलिकांत उतरते, हाच पान्हा. पान्ह्याविना हाती येणारे दूध गायीत सुमारे 20 टक्के, तर म्हशीत जेमतेम 5 टक्के असते. म्हणून अडचण म्हशीत अधिक जाणवते.

जनावर भ्याले की अॅड्रेनालिन स्रवते. ते रक्तवाहिन्या व सडांच्या अरेखित स्नायूंतील अल्फा ग्राहींना उत्तेजित करते. वाहिन्या आकसतात आणि ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. पुष्कळदा म्हैस पान्हा चोरीत नसते, ती धास्तावलेली असते.

गर्भाशयाच्या अरेखित स्नायूंतही ऑक्सिटोसिनचे ग्राही असतात, मात्र त्यांची संख्या स्थिर नसते. विण्याच्या सुमारास ती खूप वाढते व नंतर झपाट्याने ओसरते. त्यामुळे वार अडकल्यावर दोन-तीन दिवसांनी दिलेले ऑक्सिटोसिन सहसा निष्फळ ठरते. उलट गर्भाशयमुख उघडलेले नसताना किंवा वासरू आडवे असताना ते दिल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. हा निर्णय पशुवैद्यकाचाच.

रोजच्या इंजेक्शनांनी कासेतील पेशींचा प्रतिसाद मंदावतो. मग रेडकाने ढुसण्या दिल्या तरी पान्हा अपुरा राहतो. दूधवाढीसाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक इंजेक्शन देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 12 नुसार गुन्हाही आहे.

धारेपूर्वी कास कोमट पाण्याने धुऊन एक ते दोन मिनिटे हळुवार चोळावी. म्हशीला थोडा अधिक वेळ द्यावा. रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते, म्हणून पान्हा येताच न थांबता पाच ते सात मिनिटांत धार पूर्ण करावी. इंजेक्शनची सवय जडलेल्या जनावराचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावे.