विहिरीवरील पंपाला फ्लोट स्विच जोडताना

विहिरीतील पाणी संपल्यावर पंप कोरडा चालला, तर सील व बेअरिंग खराब होतात. हे टाळण्यासाठी फ्लोट स्विच बसवावा. फ्लोट खाली लोंबताच ज्याचा संपर्क तुटतो, असा स्विच निवडावा. तो मोटारीच्या मुख्य तारांत न जोडता स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या तारेत, ‘बंद’ बटणाशी एकसरीत जोडावा. पाणी उतरताच कॉइल सुटते व पंप थांबतो.

मात्र तीन फेजच्या अनेक स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची, तर फ्लोट स्विच सहसा २५० व्होल्टचा असतो. म्हणून मध्ये २४ व्होल्टचा रिले घ्यावा. म्हणजे विहिरीत कमी व्होल्टचीच तार उतरते. जोडणी मेन स्विच बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. शेवटी फ्लोट हाताने खाली सोडून पंप बंद होतो का, ते पाहावे.