फुगलेलं पॉलिश

शुक्रवार पेठ, कोल्हापूर

चि. अनिकेत,


तू पाठवलेले फोटो पाहिले. नीट दिसेनात म्हणून मामीकडून मोठे करून घेतले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला पाइप, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेतल्या रिटायर प्रोफेसरच्या हातात द्यायचा आहे, आणि "मामा, गाडीत उन्हात राहून पॉलिश फुगलंय, काय लावू?" एवढाच तुझा प्रश्न. उत्तर लगेच दिलं असतं. पण फोटो यायच्या आदल्याच दिवशी तुझ्या मावशीचा फोन आला होता. टिळक रस्त्यावर कुणीतरी तुला त्याच पाइपातून धूर सोडताना पाहिलं म्हणे. मावशीच्या बातम्यांतलं निम्मं मी नेहमीच वजा करतो, तिनं आजवर माझीच दोनदा बायपास करवली आहे. या खेपेलाही वजा केलं असतं, पण पुराव्याचे फोटो तूच पाठवलेस.

अरे खुळ्या, जन्म पॉलिशमध्ये गेलेल्या माणसाला तू उन्हाची गोष्ट सांगतोस? उन्हानं पॉलिश गेलं तर ज्या अंगाला ऊन लागलं त्या अंगाला जातं, फिकट पडतं, बारीक तडे देतं. तुझ्या पाइपचं फक्त वरच्या काठाला, गोल फिरून फुगलंय. बुडाला चकाकी जशीच्या तशी आहे. काठावर एका जागी काळपट डाग आहे, तो लायटर वाकडा धरल्याचा. आत विस्तव असल्याशिवाय असे फोड येत नाहीत.

आणि स्वस्त पाइपला ते येणारच. चांगला पाइप ब्रायरचा असतो, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावरची गाठ. ती उकळून, महिनोन्‌महिने वाळवून मग कोरतात आणि वर फक्त मेण घासतात. आपल्याकडं बाजारात मिळतात ते बहुतेक शिसवाचे. लाकडात खड्डे असले की लांबी भरायची, गडद रंग द्यायचा आणि वरून लॅकरचा जाड थर चढवायचा. दुकानात आरशासारखा दिसतो. पेटवला की लाकूड तापतं, थर जागा सोडतो आणि फुगतो. हे मी तुला पाइपबद्दल सांगतोय असं समज.

आता तू म्हणशील, पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच फिरवून सोडतात. माहीत आहे मला. तोंडात फिरवतात म्हणूनच जीभ, गाल आणि घसा यांचा कॅन्सर होतो. सिगरेटपेक्षा पाइप भारदस्त दिसतो हे खरं, पण आत तंबाखूच आहे आणि तंबाखू आपल्या घराला नवीन नाही.

अण्णांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, तुला सांगायला नको. पण तू पाहिलेस ते खाटेवरचे अण्णा. मी निपाणीच्या वखारीतले पाहिले. विडीची तंबाखू चाळायच्या वेळी बायका पदरानं नाक बांधून बसायच्या, आणि अण्णा त्या धुरळ्यात उघड्या तोंडानं हिशेब लिहायचे. जेवायला घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या वासानं आक्काला, म्हणजे तुझ्या आईला, शिंका सुरू व्हायच्या. 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हायवेवर येऊन बसले, तेव्हा आमच्या घरात रात्रंदिवस दर काय फुटणार याचंच बोलणं. अण्णांच्या खोकल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. विडीचं बंडल आणायला मात्र मलाच पाठवत, आणि मी पळत जायचो.

खरंच ओढतोस का रे? का एकदा पेटवून बघितलास? एकदाच असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तेवढ्यापुरता.

नाटकासाठी पेटवून बघावं लागतं, असं कुणी दिग्दर्शकानं सांगितलं असेल तर त्याला माझा निरोप दे. राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या संस्थेचं नाटक असायचं तेव्हा सेटच्या खुर्च्या पॉलिश करायला मी जायचो आणि चार वाक्यांचं काम मिळालं तर करायचो. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहून एंट्रीची वाट बघताना पहिली सिगरेट मला एका सिनियर नटानं दिली. आवाजाला वजन येतं म्हणाला. पुढं दुकान सांभाळायची वेळ आली, नाटक सुटलं. सिगरेट राहिली. मामीला दिवस गेले आणि तिला वास सहन होईना, तेव्हा कुठं सिगरेट सुटली. उलटं व्हायला हवं होतं, असं अजून वाटतं.

2024 च्या 8 ऑगस्टला नाट्यगृह पेटलं, तेव्हा तू माझ्या शेजारी खासबागेच्या बाजूला उभा होतास. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेली वास्तू, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आपण नुसते बघतोय. तू रडलास. मी रडलो नाही असं तू सगळ्यांना सांगितलंस, ते खोटं आहे. धुरामुळं तुला दिसलं नाही. त्या रात्री घरी येताना तू म्हणालास, मी नाटकच करणार. मी आक्काची समजूत काढली ती त्या एका वाक्यावर. आता मावशीचा फोन तिच्याकडं गेला तर मी कुठल्या तोंडानं बोलू?

असो. पॉलिशचं सांगतो.

आधी पाइप पूर्ण गार असताना दांडीची काळी नळी फिरवून काढ. गरम असताना ओढलीस तर आतलं कुसू मोडतं. बुडाला स्पिरिटचा एक थेंब लाव. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, स्पिरिटनंच निघेल. काही झालं नाही तर लॅकर, त्याला थिनर लागेल. नेलपॉलिश काढायचं असेटोन असतं, तेही चालतं, पण नळीला लागू देऊ नकोस, प्लास्टिक खातं ते. हे सगळं गच्चीवर कर, हॉस्टेलच्या खोलीत नाही, आणि आसपास लायटर नको. खिशातलाही नको. थर निघाला की 320 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं. काठावरचं काळं थोडं राहील, राहू दे, खोल घासत बसशील तर काठ वाकडा होईल. लांबीचे पांढरट ठिपके उघडे पडतील, त्यांना बारीक ब्रशनं स्पिरिटचा रंग लाव.

मग चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून, मलमलीत कापसाचा बोळा करून पातळ तीन-चार हात दे. दोन हातांच्या मध्ये वाळू दे, तुला घाई फार. शेवटी अगदी बारीक स्टीलवूलनं चमक मार. स्टेजवर लाइट पडला की चकचकीत वस्तू दुकानातून आणल्यासारखी दिसते. तुझ्या प्रोफेसरच्या हातात वापरून जुना झालेला पाइप हवा.

ओढायच्या पाइपला लाख चालत नाही. 75-80 अंशांच्या आसपास ती मऊ पडते. त्याला कार्नौबा नावाचं ब्राझीलच्या ताडाचं मेण लागतं, ते 80 च्या वर टिकतं. माझ्याकडं त्याची एक वडी पडून आहे. ती मी पाठवत नाहीय. लाखच लाव. पुन्हा कधी पेटवलास तर काठाला पुन्हा फोड येतील आणि मला फोटोतही कळेल.

हे वाचून तुला मी पोलीस वाटेन. वाटू दे. पण मी येणार आहे. भरत नाट्य मंदिरात तुमचा नंबर कोणत्या दिवशी लागलाय तेवढं कळव. पोरांचा आरडाओरडा फार असतो असं ऐकलंय, मी मागं कुठंतरी बसेन. हातात पाइप धरशील तेव्हा बोटांनी प्याला झाकू नकोस, अंगठा बाजूला ठेव, म्हणजे मागच्या रांगेलाही दिसेल. आणि वाक्य संपल्यावर तो तोंडाशी न्यायचा, वाक्याच्या मध्ये नाही. नुसता न्यायचा. धूर नसला तरी माणसं पाइप ओढला असंच समजतात, तू नीट केलंस तर.

बोलायला काही असेल तर रात्री दुकान बंद झाल्यावर फोन कर. आक्काला मी काही सांगितलेलं नाही. मावशीला सांगितलं की नाटकाची तालीम होती. ते खरं ठरव म्हणजे झालं.

तुझा
मामा

ता. क. शेजारचा संदीप शनिवारी पुण्याला निघालाय, त्याच्याकडून चपडा, दोन्ही नंबरचे पेपर आणि स्टीलवूल पाठवतोय. स्पिरिट तिकडंच घे. मामीनं कांदा-लसूण चटणीची बरणी दिली आहे, ती वेगळ्या पिशवीत आहे. तुझा आवाज बसलाय असं ती म्हणते, तर गरम पाण्याच्या गुळण्या कर.