घाट चढा, पण टी-शर्ट छापू नका

'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' हे पुस्तक आपल्या हॉस्टेलमध्ये निदान दहाजणांनी तरी वाचलं असेल. बाकीच्यांना '४२' हे उत्तर तरी माहीत आहेच. (उत्तर पाठ, प्रश्न माहीत नाही. आपल्या व्हायवाच्या बरोबर उलट!) पण या पुस्तकाचा लेखक डग्लस ॲडम्स १९९४ साली आफ्रिकेत गेंड्याचा पोशाख घालून किलिमांजारोच्या दिशेने चालत होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

'सेव्ह द ऱ्हायनो' ही ब्रिटिश संस्था. तिच्यासाठी विल्यम टॉड-जोन्स नावाचा एक बाहुलीकार आधी गेंड्याचा तो अवजड पोशाख घालून लंडन मॅरेथॉन धावला होता. मग १९९४ मध्ये काही जणांनी ठरवलं की हाच गेंडा आता ५८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर न्यायचा. ॲडम्सने डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या प्रवासात तो पोशाख घातला. त्या मोहिमेतून सुमारे १ लाख पौंड जमले. ते टांझानियातल्या काळ्या गेंड्यांच्या संरक्षणाला आणि केनियातल्या शाळांना मिळाले.

शाळांना का, असा मला पहिल्यांदा प्रश्न पडला होता. गेंडे वाचवायचे तर बंदुका घ्या, जीप घ्या, गार्ड नेमा. पण गेंडा राहतो त्या भागातल्या पोराला जर तो प्राणी फक्त संकट वाटत असेल, तर गार्ड किती दिवस पुरणार? असो, या मुद्द्याकडे मी पुढे येतोच.

आधी पैशाची यंत्रणा समजून घेऊ. साहसातून निधी उभा करणं म्हणजे माझा मित्र मला सांगतो, "तू अमुक किलोमीटर चाललास तर मी संस्थेला दर किलोमीटरला इतके रुपये देईन." निधी = अंतर × दर × देणारे. अगदी सरळ. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिथेही संस्थांसाठी धावणारे आपापल्या ओळखीच्या लोकांकडून असेच पैसे गोळा करतात.

पण देणारा नक्की कशाचे पैसे देतो? मी गणित करून बघितलं. वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याला जाताना साधारण ५०० मीटर चढ धरू. माझं वजन ६० किलो. एमजीएच काढा: ६० × ९.८ × ५०० म्हणजे २९४ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ७० कॅलरी. शरीराची एफिशियन्सी २५ टक्के धरली तरी २८० कॅलरी. एक वडापाव! तेव्हा तुमच्या कामाला, फिजिक्सच्या अर्थाने, शून्य किंमत आहे. काकांनी दिलेले १०० रुपये हे 'हा आपला पोरगा, हा खरंच काही करायला निघालाय' याचे असतात. गेंड्याच्या पोशाखाचंही तेच. तो घालून चढणं मूर्खपणाचं आहे, म्हणून तर लोकांच्या लक्षात राहतं. (तसा पोशाख आपल्याला काही अवघड नाही. रात्रभर मुकुट आणि जड वस्त्रं घालून दशावतार करणारे लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत. एखादं खवले मांजर ते सहज उभं करतील!)

आता आमची फजिती सांगतो. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही ११ जण वैभववाडी रोड स्टेशनवर उतरलो आणि घाटाने गगनबावड्यापर्यंत चालत गेलो. वीस किलोमीटर धरले होते. सगळ्यांना मिळून किलोमीटरमागे ४०० रुपये कबूल झाले होते, म्हणजे ८००० रुपये. चालणं मस्त झालं, फोटो झाले, पायाला फोड आले. पैसे आले ३१००. उरलेले लोक "देतो रे, पळतोय का मी?" म्हणत अजून देतायत. त्यात आम्ही हौसेने टी-शर्ट आणि बॅनर छापले होते, त्याचे २२०० गेले. सामानाच्या टेम्पोचे ६००. उरले ३००! वन्यजीव शिक्षणासाठी साडेनऊ टक्के आणि टी-शर्टसाठी बाकी जग. चूक सर्वस्वी आमची होती.

त्या ३०० रुपयांतून आम्ही प्राण्यांची पोस्टर्स घेतली आणि वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेत नेऊन दिली. गुरुजींनी लगेच भिंतीला लावली. तिसरी-चौथीतला एक मुलगा वाघाच्या चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यो वाघ नाय. वाघाक पट्टे नसतत, ठिपके असतत."

आम्ही हसलो. पण त्याचं बरोबर होतं. त्याच्या गावात बिबट्यालाच वाघ म्हणतात. तो रात्री येतो, कुत्रा नेतो, कधी वासरू नेतो. पट्ट्यांचा वाघ त्याने बघितलेलाच नाही. माझी गत तर त्याहून वाईट. मी कॉन्व्हेंटमध्ये 'टी फॉर टायगर' शिकलो आणि खवले मांजर हे नाव मला 'पँगोलिन'नंतर दहा वर्षांनी कळलं. त्याला प्राणी माहीत होता, मला फक्त स्पेलिंग.

आणि गंमत म्हणजे पट्ट्यांचा वाघही त्याच्या डोक्यावरच्या डोंगरात येत असावा. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरी अभयारण्यात कॅमेऱ्यात आलेला एक वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीकडे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून ते ओळखतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखं. मधलं अंतर सुमारे १०० किलोमीटर. कुठल्या वाटेने गेला हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, पण नकाशा उघडला तर मधे गगनबावडा आणि विशाळगडचीच जंगलं आहेत. गगनबावड्याचं सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल 'संवर्धन राखीव' करायला डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली, ती याच सलग पट्ट्यासाठी. खरं चॅलेंज त्या वाघाने पूर्ण केलं, तेही स्पॉन्सरशिवाय आणि टी-शर्टशिवाय.

म्हणजे त्या शाळेला पोस्टर नको होतं. बिबट्याने वासरू मारलं तर ते हलवायचं नाही, लगेच वनखात्याला कळवायचं, पंचनामा झाला तरच भरपाई मिळते, हे सांगणारा माणूस हवा होता. दुसरं म्हणजे एक गाडी, म्हणजे ती मुलं एकदा तरी दाजीपूरला जाऊन गवे बघतील. राधानगरी १९५८ पासून अभयारण्य आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. परदेशी पाहुणे ते बघून जातात आणि घाटाखालची मुलं नाही.

आपल्या कोकणात याचं उत्तर एका गावाने वेगळ्या पद्धतीने काढलंय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातच राहतात, जेवतात. पैसा घराघरात जातो, त्यामुळे कासव काय आहे हे पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या चालण्यात ही गोष्ट नव्हती. आम्ही गावातून नुसते गेलो.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. पैसे चालायच्या आधी घ्यायचे. प्रवास, जेवण ज्याने-त्याने स्वतःच्या खिशातून. पैसे नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात थेट जातील, आपल्या हातात नाही. आपणच गोळा करायचे तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१ क. आणि गुरुजींना आधी फोन करून विचारायचं की काय हवंय.

नावं वाचनालयाच्या वहीत लिहा. टी-शर्ट घरून आणावा, कुठलाही चालेल.