वाइड स्ट्रिंगपासून मल्टिबाइट स्ट्रिंगकडे

सी भाषेच्या पुस्तकांतील उदाहरणे बहुधा रोमन लिपीतील शब्दांवर बेतलेली असतात. तेथे एक अक्षर म्हणजे एक बाइट हा हिशेब निमूटपणे चालतो, आणि विद्यार्थ्यास तो निसर्गनियमच वाटू लागतो. मराठी शब्द हाती घेताच तो कोलमडतो. म्हणून 'शाळा' हा एकच शब्द घेऊन वाइड-कॅरॅक्टर स्ट्रिंगचे मल्टिबाइट स्ट्रिंगमध्ये रूपांतर कसे करावे, ते आम्ही येथे पाहणार आहो.

वर्गात बाक असले म्हणजे मूल लहान असो वा थोर, प्रत्येकास जागा सारखीच मिळते. वाइड स्ट्रिंग अशी असते. लिनक्सवर तिच्यात प्रत्येक घरास ४ बाइट, विंडोजवर २. मल्टिबाइट स्ट्रिंग म्हणजे सतरंजीवरील बैठक. तेथे ज्यास जितकी जागा लागेल तितकीच तो घेतो. केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षरास १ बाइट पुरतो, आपल्या नित्याच्या देवनागरी चिन्हास ३ लागतात. प्रोग्रामच्या आत मोजणीस बाक सोयीचे. परंतु बाकाचे माप यंत्रागणिक बदलत असल्याने फाइलीत लिहिताना सतरंजीच बरी.

'शाळा' या शब्दात डोळ्यांस दोन अक्षरे दिसतात. संगणक मात्र श, काना, ळ, काना अशी ४ चिन्हे मोजतो. त्यांचे यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट होतात. एकट्या 'श'चेच २२४, १६४ व १८२ असे तीन. शेवटचे समाप्तिदर्शक शून्य धरून १३.

रूपांतर करणाऱ्या फंक्शनचे नाव 'डब्ल्यू सी एस टू एम बी एस'. त्यास तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोठे लिहावयाचे, काय लिहावयाचे, आणि जास्तीत जास्त किती. हे 'किती' बाइटांत आहे, चिन्हांत नव्हे, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. समजा, कोणी 'डब्ल्यू सी एस लेन'ने ४ चिन्हे मोजली, एक मिळवला व ५ बाइटांची जागा राखली. फंक्शन अर्धवट चिन्ह कधी लिहीत नाही. म्हणून 'श' तेवढा उतरतो, आणि शून्यही पडत नाही. मग छापणारे फंक्शन पुढील मेमरीतील वाटेल ते वाचीत सुटते. १२ बाइट दिले तर शब्द पुरा येतो, शून्य मात्र राहतेच. हा दोष आम्हांस अधिक घातक वाटतो, कारण चाचणीत तो पुष्कळदा दिसतच नाही. निकालपत्रक करणाऱ्या प्रोग्रामात अशी मोजणी राहिली, तर रोमन लिपीतील नावे सुखरूप उतरतील, आणि मराठीत लिहिलेले मुलाचे नाव तेवढे तुटेल. म्हणून चिन्हांच्या संख्येस 'एम बी कर मॅक्स'ने, म्हणजे चालू लोकेलमधील मोठ्यात मोठ्या चिन्हाच्या बाइटसंख्येने, गुणावे व एक मिळवावा. तितकी जागा राखली म्हणजे भय नाही.

प्रोग्राम सुरू होताना तो 'सी' नावाच्या लोकेलमध्ये असतो. लिनक्सवर त्या लोकेलास देवनागरी ठाऊक नाही. म्हणून आधी 'सेटलोकेल' बोलावून यूटीएफ-८ चे लोकेल घ्यावे. ते विसरल्यास फंक्शन उणे एक परत देते. परंतु परतीच्या संख्येच्या प्रकारास ऋण चिन्हच नाही! ६४ बिटांच्या यंत्रावर ते उणे एक १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होऊन बसते. 'ही संख्या शून्याहून लहान आहे काय?' असे विचारणाऱ्यास 'नाही' असेच उत्तर सदैव मिळेल. उणे एक त्याच प्रकारात बदलून घ्यावे व मग दोन्ही समान आहेत काय ते पाहावे.

सरावासाठी 'स्कूल' हा शब्द घ्यावा. डोळ्यांस दोन अक्षरे. पाय मोडण्याचे चिन्ह धरून चिन्हे ५, बाइट १५, जागा १६. फंक्शनचे उत्तर १५ आले तर दचकू नये; शून्य लिहिले जाते, पण ते मोजणीत धरले जात नाही.