घाऊक दर कसा बांधावा?

प्रश्न : औंढा नागनाथच्या व्यापाऱ्यास तांब्याचे गडवे घाऊक द्यायचे आहेत; दर काय लावू?
– एक तांबट, वसमत

उत्तर : धातूचे वजन तराजू सांगतो, परंतु कापणीतील घट, भट्टीचा कोळसा, हत्यारांची झीज आणि मुख्यत्वे आपल्या ठोक्यांची मजुरी तो सांगत नाही, आणि निव्वळ किलोच्या भावाने माल देणारा कारागीर नेमकी हीच रक्कम व्यापाऱ्यास नजराणा म्हणून अर्पण करतो. समजा, एका गडव्यास धातू 500, मजुरी 300 व इतर खर्च 100 रुपये पडला, तर 900 हा केवळ मूळ खर्च; त्यावर 15 टक्के नफा धरता 1035 रुपये हा घाऊक दर. आपण स्वतः किरकोळ विकताना मात्र व्यापाऱ्याच्या दुकानातील भावाखाली उतरू नये. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी व्यापाऱ्याने उधारीवर माल मागितल्यास तो लेखी कराराविना मुळीच देऊ नका.