परसातील मिरची आणि आपली काळी जमीन

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरात एक वेळ भाजी नसली तरी चालते. परंतु मिरचीवाचून स्वयंपाक अडतो. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढ्या शिदोरीवर शेतातील दिवस निभावतो. असे असूनही परसात मिरचीची दहा-वीस रोपे लावून घरची गरज भागविण्याचा प्रयत्न पुष्कळदा फसतो. आषाढात लावलेली टवटवीत रोपे श्रावणात माना टाकतात आणि भाद्रपद सरेपर्यंत वाफा ओसाड होतो. मग कोणी बियाण्यास बोल लावतो, कोणी हवेस, तर कोणी दृष्ट लागली असे म्हणतो. खरे कारण बहुधा आपल्या पायांखालीच असते. ते कोणते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मिरचीचे माहेर

मिरची मूळची आपल्या देशातील नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूस. इ. स. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. त्यानंतर मिरचीचे बी युरोपात गेले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते हिंदुस्थानात आले. इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या काळी महाराष्ट्रात कोणीही मिरचीचा ठेचा खाल्लेला नव्हता. तिखटासाठी मिरी, पिंपळी व सुंठ वापरीत. तिखट म्हणजे मिरी हे समीकरण पक्के असल्यामुळे या नव्या फळाचे नावही मिरीवरूनच पडले. आपले तेलुगू शेजारी मिरीस ‘मिरियालु’ व मिरचीस ‘मिरपकाय’ म्हणतात, त्यांतही हेच नाते दिसते.

ही पाहुणी येथे आली व घरचीच झाली. परंतु तिच्या मुळांच्या सवयी मात्र पालटल्या नाहीत. त्यांना ओलावा हवा असतो, साचलेले पाणी सोसत नाही.

मुळांनाही श्वास लागतो

बेला व जैनथकडील पैनगंगाकाठची जमीन ही कापसाची काळी जमीन. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. उन्हाळ्यात ती आकसते व तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांत एरवी हवा असते. सतत पाऊस पडला की त्या पाण्याने भरून जातात व हवेस जागा उरत नाही. आपल्याप्रमाणेच मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. तो न मिळाल्यास मुळे दुबळी होतात, त्यांवर बुरशी चढते आणि ती कुजतात.

आता गंमत अशी, की मुळे कुजली म्हणजे ती पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले रोपही तहानेल्या रोपासारखेच कोमेजते. ते पाहून घरातील माणूस कळवळतो आणि आणखी तांब्याभर पाणी ओततो. जे रोप कदाचित वाचले असते, ते या मायेनेच दगावते.

हे टाळण्यासाठी एक साधी परीक्षा आहे. कडक उन्हात दुपारी पाने मलूल झाली व संध्याकाळी पुन्हा ताठ झाली, तर काळजीचे कारण नाही. परंतु सकाळच्या गारव्यातही रोप मान टाकून असेल, तर बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी लागल्यास पाणी द्यावे. ओली लागल्यास पाणी मुळीच देऊ नये, उलट चर खणून साचलेले पाणी बाहेर काढावे.

वाफा आणि रोपे

मिरचीसाठी दिवसभर ऊन लागणारी, पाणी न साचणारी जागा निवडावी. मागील वर्षी जेथे वांगी, टोमॅटो किंवा बटाटे होते, ती जागा टाळावी. ही सर्व एकाच कुळातील पिके असून त्यांचे पुष्कळसे रोग समान आहेत. जमीन खणून उन्हात तापू द्यावी व तिच्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. त्याने चिकणमाती भुसभुशीत होते. कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवी व हुमणी यांस आमंत्रण मिळते.

मृगाच्या आरंभी, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वीतभर उंचीच्या छोट्या गादीवाफ्यावर बी पेरावे. ओळींत चार बोटांचे अंतर ठेवून बी अर्धा इंच खोल टाकावे, वर चाळलेले खत पसरावे आणि गवताने झाकून झारीने पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसताच गवत काढून घ्यावे. पाच-सहा आठवड्यांत रोपे वीतभर होतात; तेव्हा ती संध्याकाळच्या वेळी कायमच्या जागी लावावीत.

लावणी सपाट वाफ्यात न करता वरंब्यावर करावी, हीच या लेखातील मुख्य गोष्ट होय. दहा फूट लांब व सहा फूट रुंद जागेत दोन-दोन फुटांवर तीन वरंबे काढावेत आणि प्रत्येकावर दीड-दीड फुटावर सहा रोपे लावावीत. अशी अठरा रोपे होतात. सऱ्यांचे तोंड उताराकडे मोकळे ठेवावे, म्हणजे अतिवृष्टीतही पाणी वाहून जाते व मुळे वरंब्यातील मोकळ्या मातीत राहतात.

लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरव्या मिरच्या तोडणीस येतात. लाल मिरची त्यापुढे मिळते. एप्रिल-मे मध्ये, आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या जवळपास जातो तेव्हा, फुले गळतात. तो उष्णतेचा परिणाम असतो. त्यासाठी खत वाढवून उपयोग नाही.

बोकड्या व त्यावर उपाय

पाने आकसून बोकडल्यासारखी दिसू लागली की त्यास बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. पाने वरच्या बाजूस वळली असल्यास फुलकिड्यांचा, खालच्या बाजूस वळली असल्यास कोळ्यांचा संशय घ्यावा. इ. स. २०२१ च्या हंगामात एका परदेशी जातीच्या फुलकिड्यांनी तेलंगण व आंध्र प्रदेशातील मिरचीची मोठी हानी केली होती. परसात मात्र जालीम विष फवारण्याचे कारण नाही. ज्या फळांचा ठेचा उद्या पानात यावयाचा, त्यांवर आज विष नको. पन्नास ग्रॅम निंबोळीचा कुटलेला गर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, गाळून त्यात किंचित साबण घालावा व संध्याकाळी पानांच्या खालून फवारावा. अगदी आकसून गेलेले रोप उपटून दूर न्यावे.

तिखटपणा कोठे असतो?

तिखटपणा बियांत असतो असा समज आहे. पण तो चुकीचा आहे. ‘कॅप्सेसिन’ नावाचे तिखट द्रव्य ज्या पांढऱ्या शिरांना बिया चिकटलेल्या असतात, त्यांत तयार होते. हे द्रव्य जिभेवरील उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. म्हणून मिरचीने तोंड ‘पोळते’. हे कार्य उलगडून दाखविल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञास इ. स. २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही; म्हणून तोंड पोळल्यास पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरे. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. ते फळे खातात आणि बी दूरवर पोहोचवितात.

घरचे बी

चांगले पीक आले की पुढील वर्षाचे बी घरीच राखावे. निरोगी, भरघोस झाडावरील दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीची पूर्ण लाल फळे निवडावीत, सावलीत वाळवावीत आणि बी कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. जवळ ढोबळी मिरची असल्यास मधमाश्यांमुळे संकर होतो. त्यासाठी बियाण्याच्या फांदीस फुले उमलण्यापूर्वीच पातळ कापडाची पिशवी बांधावी. बाजारातील संकरित बियाण्यापासून आलेल्या फळांचे बी मात्र राखू नये. त्याची पुढची पिढी एकसारखी निपजत नाही. मेंडेलचा नियम पुस्तकात वाचला असेल, तो येथे डोळ्यांनी पाहता येतो.

एक प्रयोग

विद्यार्थिमित्रांनो, येत्या पावसाळ्यात एकाच वाफ्यातील बारा सारखी रोपे घ्या. सहा वरंब्यावर लावा, सहा सपाट जमिनीत. दोहोंना खत सारखेच द्या. दर रविवारी किती रोपे ताठ आहेत, किती कोमेजली, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. मेलेले रोप फेकून न देता हलकेच उपटा व त्याची मुळे पाहा: पांढरी आहेत की तपकिरी व मऊ? दसऱ्यापर्यंत दोन्ही ओळींतील फरक तुमच्या वहीतच दिसेल आणि तो घरातील वडीलधाऱ्यांनाही दाखविता येईल.

झाडावर प्रेम करावे हे खरेच. परंतु त्याच्या गरजा ओळखून केलेले प्रेमच त्याला मानवते. पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वी एकदा मातीत बोट घालून पाहण्याची सवय ज्या घरात लागेल, त्या घरातील श्रावणाचा वाफा ओसाड होणार नाही.