खोलण्याआधी आणि जोडल्यानंतर

आमच्या हॉबी क्लबच्या शेडमध्ये दुरुस्तीला येतात त्या बहुतेक सायकलीच. कॅडेट पाना हातात घेऊनच विचारतात, "सर, आधी काय खोलायचं?" काहीच नाही. आधी चाक उचलून फिरवा. ते डगमगते का, खरखरते का, ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासते का, ते पाहा. दोष कुठे आहे हे सांगता आल्याशिवाय मी पाना लावू देत नाही. सायकल कोणाची आहे त्यालाही विचारायचे, याआधी कोणी खोलली होती का? या एका उत्तराने पुष्कळदा अर्धे काम होते.

एनसीसीत रायफलचे 'खोलना-जोडना' केलेल्यांना पुढचे नवे नाही. निघेल त्या क्रमाने भाग जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि जोडताना उजवीकडून सुरुवात करायची. छर्रे मात्र वाटीत ठेवायचे, चाकाच्या दोन बाजूंसाठी दोन वाट्या. साध्या सायकलीच्या मागच्या चाकात बहुधा प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात. आठच निघाले तर आधी फरशी शोधा. जागा दिसते म्हणून दहावा कोंबू नका. छर्ऱ्यांना फिरायला थोडी फट लागतेच. एक जरी खराब झाला असेल तरी त्या बाजूचे सगळे बदलायचे. जुन्या-नव्यांची भेसळ केली की भार नव्यांवरच येतो.

जोर लावण्याआधी दिशा तपासायची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पायाचा दाब पेडलच्या आसाभोवती फिरत राहतो आणि त्यामुळे आस उलट दिशेने किंचित किंचित वळत जातो. तिथे सरळ आटे असते, तर चालवता चालवता पेडल सैल झाले असते. पाना क्रँकवर उभा धरा आणि वरचे टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडल अशीच सुटतात.

सगळ्यांत कडक नियम अर्धवट कामाचा आहे. स्टँडवर उभी सायकल धडधाकट दिसते. मेसला उशीर झालेला कोणीही ती उचलतो आणि ब्रेक नाही हे त्याला उतारावर कळते. म्हणून काम अपुरे असेल तर सायकल उलटी ठेवायची, सीट जमिनीवर आणि चाके वर. नुसत्या चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. ती उडून जाते.

जोडून झाल्यावर पहिली फेरी जोडणाऱ्याने मारायची, सपाट मैदानावर, आधी हळू, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून. मग मी चालवतो. मगच सायकल परत जाते.

सध्या शेडमध्ये एक हिरवी सायकल उलटी आहे. तिच्या डाव्या क्रँकची कॉटर पिन झिजली आहे, नवी यायची आहे. तोवर ती कोणी सरळ करू नये.